आईचे बारा आकडे

आज हॉस्पिटलच्या खिडकीवर मी सासूबाईंचा आधार नंबर न बघता घडाघडा सांगितला. शेजारी उभ्या नणंदेने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मनाने थेट ऐरोलीच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन पोचले.

आई गेल्यावर तिचा मृत्यूचा दाखला काढायला मी आणि वहिनी तिथे गेलो होतो. शिक्क्याच्या शाईचा वास येत होता. क्लार्कने आधार नंबर विचारला. मी पर्स उचकत राहिले, तोवर वहिनीने बारा आकडे सांगूनसुद्धा टाकले. मग जन्मतारीख, मग आजीचं नाव.

"तुम्ही मुलगी ना त्यांची?" त्याने तिला विचारलं.

"नाही, मी सून. मुलगी या ताई."

अंगाची नुसती लाही झाली. आई माझी, आणि पाठ हिला! परत येताना रिक्षात मी बाहेर तोंड करून बसले.

दोन वर्षं आईच्या डायलिसिसच्या रांगेत सांगून सांगून तो नंबर वहिनीच्या तोंडात बसला होता. हे कळायला मला सासूबाई आजारी पडाव्या लागल्या.

तरी खरं सांगू? अजून जळते मी वहिनीवर. त्या प्रत्येक रांगेत आईचा हात तिच्या हातात होता.