वाळूखालची आग

वेलिंग्टनच्या किनाऱ्यावर आम्हा मराठी मंडळींची पिकनिक होती. कणसं भाजून झाली, तशी आमच्यातल्या एकाने निखाऱ्यांवर पायाने वाळू लोटली आणि म्हणाला, "स्वीट ॲज! एकदम मस्त, विझली."

तिथून चाललेली एक अनोळखी, पन्नाशीची बाई थबकली. तिने काठीने ती वाळू उकरली, आमच्याच बादलीने समुद्राचं पाणी ओतलं, तळवा टेकवून पाहिला आणि पुन्हा पाणी ओतलं. आमची पोरं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून तिथेच अनवाणी धावत होती.

"मी बोर्निओची," ती संतापून म्हणाली. "आमची जमीन म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेला पालापाचोळा. पामतेलासाठी कंपन्यांनी ती सुकवली. आता ती आतून महिनोन्महिने जळते. साऱ्या जगाची हवा तापवते, धुराने माझ्या आईची छाती भरते. आणि वरच्या ज्वाळा गेल्या की साहेब फोटो काढून निघून जातात!"

तळव्याला थंड लागलं तेव्हाच ती उठली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्याच आठवड्यात टीव्हीवर एक कोटवाला सांगत होता, बोर्निओतली आग आटोक्यात आली.

माझं डोकंच फिरलं. मी टीव्हीवरच ओरडले, "अरे, हात लावून बघितलास का?"