दादा बसलेले असताना घेतलेलं माप

जहागीर गेल्यावर माणसाला उंच बसावंसं का वाटतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. जीप उंच केली की तिचा शाफ्ट आखूड पडतो, हे मात्र पक्कं कळलेलं आहे.

ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि त्यापाठोपाठ आमचं एकुलतं एक गावही सरकारजमा झालं. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ही बातमी ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंज पेठेतल्या घरी शांतपणे ऐकली, पान खाल्लं, आणि एवढंच म्हणाले की दसऱ्यानंतर दरवर्षी जातो तसं एकदा जाऊन येऊ, निरोप घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही. दरवर्षी ते घोड्यावरून जात. गाव वेशीवर जमे. दादा वरूनच सगळ्यांचे रामराम घेत आणि थेट देवीच्या ओट्यापाशी उतरत. त्याआधी जमिनीला पाय लावणं त्यांच्या लेखी जहागिरीला शोभणारं नव्हतं. आता घोडा विकलेला होता आणि दादांचे गुडघेही गेलेले होते. (वजन तेवढं शाबूत होतं.) पण शेवटचं जाणं नेहमीच्या इतमामानं व्हावं, ही त्यांची इच्छा बोलून न दाखवताही घरभर पसरली होती.

म्हणून मी लढाईत वापरून मोडीत काढलेली एक जीप घेतली. मागच्या बाजूला दादांसाठी गादीचं बाक बसवलं आणि त्यांना जवळच्या थाटीपुरपर्यंत फिरवून आणलं. वाटेत एक दूधवाला सायकलवरून शेजारून गेला आणि वरून खाली बघत त्यानं दादांना रामराम केला. घरी उतरल्यावर दादा म्हणाले, "गाडी छान आहे. जमिनीत पुरल्यासारखं वाटतं, एवढंच."

मी शाळेत भूमिती शिकवत होतो, त्यामुळे उंचीचा प्रश्न मला सोपा वाटला. मदतीला माझा मेव्हणा वसंता होता. त्याला मोटारींतलं कळतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. आम्ही दोघांनी ट्रकच्या जुन्या कमान्यांचे, म्हणजे स्प्रिंगांचे, पाटे जीपच्या कमान्यांत घातले आणि जीप चांगली चार इंच वर आली. पण इंजिनाची गती मागच्या चाकांपर्यंत नेणारा जो लोखंडी दांडा असतो, तो शाफ्ट, तो काही आमच्याबरोबर वर आला नाही. त्याचे दोन तुकडे एकात एक सरकणारे असतात. जीप उचलल्यावर ते एकमेकांना जेमतेम धरून राहिले होते. शाफ्ट लांब करून घ्यावा लागणार होता, आणि त्यासाठी माप हवं होतं.

आम्ही माप घ्यायला जीपखाली शिरलो आणि नेमके तेव्हाच दादा नवी उंची बघायला आले. बाकावर बसले. जीप कुरकुरली आणि आमच्या नाकाजवळ आली. वसंतानं कुजबुजत विचारलं, दादांना जरा उतरायला सांगायचं का. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात दादा बसले की ते आपण होऊन उठेपर्यंत बसलेले असतात. त्यांच्यासाठी चहा आला. मग आईही वर जाऊन बसली. आता दादा उठणार नाहीत हे दिसल्यावर मला एक सिद्धांत सुचला: प्रवासात दादा गाडीत बसलेलेच असणार, तेव्हा ते बसलेले असतानाचं माप हेच खरं माप. वसंता म्हणाला, "जिजाजी, क्या बात है. हे कुठल्याच मिस्त्रीला सुचलं नसतं."

ते खरंच होतं.

नया बाज़ारातल्या लेथवर काम करणाऱ्या खरादवाल्यानं आम्ही सांगितलं तेवढ्या लांबीचा शाफ्ट करून दिला. निघायच्या दिवशी दादा आणि आई बसल्यावरच तो जोडला आणि निघालो. दादा उंच बसले होते, शेजारी आई पूजेचं साहित्य मांडीवर घेऊन. मोठा खड्डा आला की खालून 'खट्' असा आवाज यायचा. गाडी नवी बसतेय, असं मी गंभीरपणे सांगत होतो. दादा माळरानाकडे बघत होते. हे आपलं आता नाही, असं मनाशी म्हणत असावेत.

वेशीच्या अलीकडे वाळूचा ओढा आहे. पलीकडे गाव जमलेलं दिसत होतं. मागची चाकं वाळूत रुतली. आई उतरली, मी आणि वसंतानं रेटा दिला, काही झालं नाही. तेव्हा दादा म्हणाले, "थांबा. मी उतरतो. तेवढंच तुमचं ओझं कमी."

मी त्यांना हात दिला. त्यांचा पाय वाळूत टेकला, त्यांच्यामागे जीपनं मोकळा श्वास घेऊन पाठ वर केली, आणि पोटाखालून काहीतरी खणकन निसटलं. इंजिन आनंदानं फिरत राहिलं. चाकांचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता.

वसंता वाकून आला. "छोटा पड़ गया, जिजाजी."

मी दादांना पुन्हा बसायची विनंती केली. ते बसले. शाफ्टचं टोक वाळूत आणखी खोल गेलं. थोड्या वेळानं दादांनी विचारलं, "मी बसून राहिल्यानं गाडी दुरुस्त होणार आहे का रे?" मी नाही म्हटलं. मग ते पुन्हा उतरले आणि ओढा ओलांडून, दुखऱ्या गुडघ्यांनी, वेशीकडे चालू लागले. मला वर बघवेना.

जमलेल्या गावातून म्हातारा पटेल, म्हणजे गावचा पाटील, रामदीन पुढे आला. आयुष्यभर तो दादांशी मान वर करून बोलला होता. तो समोर उभा राहिला, दादांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "सरकार, आप तो हमाए बराबर के निकरे."

खरंच, दोघं एकाच उंचीचे होते. दादांनी रामदीनच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्याच आधारानं ओट्यापर्यंत चालत गेले. दुपारभर दोघं तिथंच बसले होते. निरोपाचं काही बोलले असतील म्हणून मी जवळ गेलो, तर गुडघ्याला कुठलं तेल लावतोस, हे चाललं होतं.

परतायला रामदीननं बैलगाड्या जोडल्या. पुढच्या गाडीत दादा आणि आई, दुसरीत वसंता. तिच्यामागे दोरानं बांधलेली जीप, आणि स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवं म्हणून जीपमध्ये मी. सगळं गाव ओढ्यापर्यंत पोचवायला आलं. दादांनी गाडीतून वाकून एकेकाचे हात हातात घेतले. मग लोकांचं माझ्याकडे लक्ष गेलं. सगळ्यांत उंच मीच होतो, चार इंच जास्तच. गावानं माना वर करून मला रामराम केला. हसू कोणी दाबत नव्हतं.

दादांनी मागे वळून विचारलं, "काय रे, वर हवा कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? स्टिअरिंग आणि ब्रेक यांपलीकडे माझ्या ताब्यात काहीच नव्हतं.