किनाऱ्यावरची अर्धी होडी

आगरदांड्याला आमच्या शेजारी एक सुतार राहायचा. बोलण्याआधी कान खाजवायची त्याला सवय होती. जन्मभर लोकांच्या होड्या बांधल्यावर त्याने स्वतःसाठी एक बांधायला घेतली. ती निम्मी झाली आणि हिवतापाने त्याला दोन पावसाळे अंथरुणावर पाडलं. ताप गेला, तरी होडी तशीच राहिली. रोज सकाळी तो तिच्याभोवती फेरी मारायचा, फळीवर टिचकी वाजवायचा आणि घरी परतायचा. पुढे तर मीच माझी खुडूक कोंबडी टोपलीत अंड्यांवर घालून त्या होडीत बसवली.

एके दिवशी तो फळ्या तासायचा वाकस घेऊन आला, पण कोंबडी बघून थबकला.

"पिल्लं निघू दे वहिनी, मंग बगू."

"तिला कशाला मध्ये घालतोस?" म्हणत मी टोपली उचलून घरात नेली.

 मग कुजलेली एक फळी काढून त्याने नवी तासायला घेतली. थोड्याच वेळात त्याला धाप लागली, तसा तो वाकस लाकडात रुतवून निघाला. एरवी हत्याराला खारा वारा लागू न देणारा माणूस!

"अरे, गंज चढेल," मी म्हटलं.

"व्हय. पन वाकस घरी न्हेला, तर मी बी घरीच ऱ्हाईन."

मला तो शुद्ध वेडेपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठोके ऐकू आले. जाऊन बघते तर पात्यावर तांबूस डाग पडलाच होता. तो पुसायलाही न थांबता त्याने काम सुरू केलं होतं.