पायाला लावलेला कॉशन

हिवाळ्याच्या संध्याकाळी आमच्या घरात आधी वास यायचा आणि मग आई. रुळांच्या वंगणाचा, लोखंडाच्या किसाचा आणि अंगावरच वाळून गेलेल्या घामाचा तो वास साबणाने जात नसे. जेवणे आटोपली की ती चुलीशेजारी बसून गुडघ्यांना करंजीचे तेल चोळी. त्या कडू, हिरवट वासाखाली लोखंडाचा वास हळूहळू दबत जाई, आणि घरात रात्र झाल्यासारखे वाटे.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागी आई रेल्वेत लागली, गँगवर. नागभीडच्या जंक्शनपासून धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, आणि पुढे जंगलातून जाणारी लाइन सांभाळायचे ते काम: खडी सारखी करणे, बोल्ट आवळणे, तुकड्यातुकड्याने रूळ पाहत चालणे. तिच्याबरोबरीचे पुरुष पन्नाशीच्या आतच कमरेतून वाकले होते. आई वाकली नव्हती. सब्बल, म्हणजे जड पहार, हातात घेण्याआधी ती दोन मिनिटे नुसतेच खांदे फिरवी, टाचांवर वर-खाली होई, आणि गँगमधले लोक हसत.

"बाई, नाचून राह्यल्या का?"

"तुमी बी नाचले असते भाऊ, त बामच्या एवढ्या शिश्या नसत्या लागल्या तुमाले."

हे ती घरी येऊन सांगे तेव्हा मीही हसत असे. त्या दोन मिनिटांत काही शिकण्यासारखे आहे, असे मला तेव्हा वाटले नव्हते.

मी मराठीत एम. ए. करून घरी परतले होते आणि वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होते. त्यासाठी आधी धावावे लागते आणि शेवटी काही तास न थांबता चालून दाखवावे लागते. आईची निवृत्ती जवळ आली होती. तिच्यासोबत रेल्वेचे क्वार्टरही जाणार होते. त्यामुळे ती नोकरी मला केवळ हवी नव्हती, लागणार होती.

माझ्यासोबत एक मैत्रीण धावे. ती मोहर्लीकडच्या गोंड वस्तीतली. तिच्या गावाकडे पहाटे पळणे म्हणजे वाघाच्या वाटेवर पळणे, म्हणून ती नागभीडला मोठ्या बहिणीकडे राहायला आली होती. नागभीडलाही बांध्यांच्या पायवाटा अंधारात भरवशाच्या नव्हत्या. म्हणून मऊ माती सोडून आम्ही दिव्यांचा डांबरी रस्ता धरला. समोरून येणारा ट्रक दिसावा म्हणून जाताना उजवी कड धरायची, परतीलाही उजवीच. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. आमचा उजवा पाय रोज, प्रत्येक पावलाला, बोटभर खोल पडत होता. वाघ आणि ट्रक दोघांचाही विचार आम्ही केला होता. रस्त्याच्या उताराचा केला नव्हता.

मैत्रीण शनिवारी गावी जाई आणि सोमवारी येई. तिच्या पायांना दोन दिवस सुटी मिळे. मी मात्र भरतीची जाहिरात आली तसे अंतर दुप्पट केले आणि संध्याकाळीही धावू लागले. धावताना मनात आठ-आठ अक्षरांच्या ओळी म्हणायची मला सवय होती. पंधरवड्याने उजव्या नडगीत दुखू लागले, तेव्हा मी त्या ओळी अधिक घट्ट धरल्या. अक्षरांत दुखणे बुडते. उरलेले दुखणे मेडिकलमधून आणलेल्या गोळीत बुडवले.

"लंगडून राह्यली तू," मैत्रीण एकदा म्हणाली.

"नाही गं."

"मंग कवितेत एक अक्षर कमी पडलं असन."

मी हसण्यावारी नेले. दोन दिवसांनी मी फाटकातून आत येत होते आणि आई ओसरीत पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वळवली नाही.

"काऊन व, एक पाय कमी वाजून राह्यला तुझा?"

"कुठे काय. चप्पल सैल झाली."

"चप्पल दोन्ही पायांत हाये ना?"

तिने सूप बाजूला ठेवले, मला ओट्यावर बसवले आणि माझा उजवा पाय मांडीवर घेतला. तिचा अंगठा घट्ट्यांनी इतका जाड झालेला होता की त्याला काही जाणवत असेल याची मला शंका होती. तो अंगठा गुडघ्याखालून नडगीच्या धारेवर हळूहळू उतरू लागला. एका जागी दाबायचा, थांबायचा, पुढे सरकायचा.

"इथी?"

"नाही."

"इथी?"

"नाही."

घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर तो आला आणि माझा श्वास अडकला. तिने खात्रीसाठी त्या जागेच्या खाली दाबून पाहिले, मग वर. दोन्हीकडे काही नव्हते. पुन्हा तिथेच दाबले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"हातभर दुखलं असतं त म्हनलं असतं, मास थकलं. हे बोटभर हाये. हे हाड बोलून राह्यलं."

मग तिने माझे बूट मागवले आणि उलटे करून तळवे दिव्याकडे धरले. उजव्या बुटाची एक कड घासून गुळगुळीत झाली होती. डाव्याची नक्षी अजून शाबूत होती. तिने विचारले, कुठून धावता, मी सांगितले. तिने बुटाची घासलेली कड बोटाने चाचपली.

"वळनावर एक रूळ उंच ठेवतो आमी. गाडी वळते म्हनून. पन सारी लाइनच तशी टाकली त चाक एकाच अंगानं खाल्लं जाईन. तुमी दोघी रोज वळनावरच धावून राह्यल्या." बूट खाली ठेवून ती म्हणाली, "आता लाइन बंद."

"आई, भरतीला पंचवीस दिवस आहेत."

"मले माहीत हाये."

"मग?"

"रुळाले भेग दिसली मले. अन् मी म्हनलं, पंचवीस मिनटात गाडी हाये, एवढी जाऊ द्या. त तू बसशीन का त्या गाडीत?"

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि आम्ही चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रेत काहीच दिसले नाही. क्षणभर मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी मला खाली बसायला सांगितले, नडगीवरून अंगठा फिरवला आणि बरोबर त्याच जागी येऊन थांबले.

"सुरुवातीला फोटोत येत नाही," ते म्हणाले. "पण हे हाड तुटायच्या वाटेवर आहे. निदान सहा आठवडे धावणे बंद. गोळी घेऊन धावलात तर हाड खरोखर तुटेल, मग कदाचित शस्त्रक्रिया, आणि सहा महिन्यांत तरी धावाल, याची खात्री मी देऊ शकणार नाही."

परतीच्या बसमध्ये आईने भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि सोलून एकेक दाणा माझ्या हातावर ठेवत राहिली. मी म्हटले होते ना, असे ती एकदाही म्हणाली नाही. मी मात्र तिच्याशी नऊ दिवस बोलले नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे. आपल्याला अडवणाऱ्या माणसाचा राग येतो. भेगेचा राग कुणाला येत नाही.

भरतीच्या आदल्या दिवशी मैत्रीण आली. दारातच उभी राहिली, हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत.

"मी जाऊ का एकटी?"

"जा ना. माझ्या वाटणीचंही पळ."

"तुझ्या वाटणीचं नाई पळत. ते तुझं तू पळजो," ती म्हणाली आणि गेली. तिची निवड झाली. पेढे घेऊन ती आली तेव्हा मी तिच्या डोळ्यांत पाहू शकले नाही, आणि तिला ते कळले असूनही तिने न कळल्यासारखे केले. त्या उपकाराचाही एक जमाखर्च असता तर मी आजन्म देणेकरी राहिले असते.

सातव्या आठवड्यात दुखणे गेले. बोटाने कितीही दाबले तरी ती जागा गप्प होती. मी त्याच सकाळी बूट बांधून निघाले, तर आई फाटकात उभी.

"कुठी चालल्या?"

"बरी झाले मी."

"रूळ बदलला की पहिली गाडी कशी जाते, पाह्यलं कधी? मानूस चालते तेवढ्या वेगानं. वरून लाइन पक्की दिसते व, पन खाली खडी बसाचीच असते. म्हनून कॉशन लावतो आमी."

कॉशन म्हणजे वेगावरचा बंध: दुरुस्त झालेल्या लाइनीच्या अलीकडे पिवळा बोर्ड, त्यावर आकडा. आधी दहा, मग वीस, मग तीस, पंचेचाळीस. गाड्या जाऊन जाऊन खडी घट्ट बसली की बोर्ड काढतात. आईने जवळच्या बुद्धविहारात चालणाऱ्या मुलांच्या शिकवणीतून खडूचा तुकडा आणला आणि दाराच्या आतल्या बाजूला दहा लिहिले. दहा म्हणजे शाळेच्या मातीच्या मैदानावर नुसते चालणे. वीस म्हणजे पाच मिनिटे चालणे आणि एक मिनिट संथ पळणे. मैदानाला एक दिवस उजवीकडून फेऱ्या, एक दिवस डावीकडून. रविवारी काही नाही. आकडा कधी बदलायचा हे डॉक्टरांना विचारून आईच ठरवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा अंगठा त्या जागेवरून फिरल्याखेरीज बूट मिळत नसत.

नडगीला धरून ठेवणारे स्नायूच दुबळे आहेत, असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ओसरीच्या पायरीवर टाचा लोंबत्या ठेवून वर-खाली व्हायचे, आणि पोळ्या लाटताना एका पायावर उभे राहायचे. शेजारच्या क्वार्टरातल्या बाईंनी खिडकीतून ते पाहिले.

"पोरगी बगळ्यावानी काऊन उभी हाये वो?"

"मासा यीन म्हनते," आई म्हणाली.

एकदा, दारावर वीसचा आकडा असताना, मैदानावर कुणी नाही असे पाहून मी मनसोक्त धावले. महिनोन्महिने अंगात साठलेला वेग होता तो. वाऱ्याला मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास होता आणि पाय जमिनीला लागत नव्हते. सकाळी त्या जागेत पुसटसे काहीतरी ठणकले. आईने अंगठा उचलला, दाराकडे गेली, वीस पुसले आणि दहा लिहिले. रागावली नाही. तिच्या लाइनीवरही असे होत असेल; कोण कुणावर रागावणार.

पंचेचाळीसचा आकडा पुसून दार कोरे झाले तेव्हा धान लोंब्यांवर आले होते. तोवर मला धावण्याचा आवाज ऐकू येऊ लागला होता. पूर्वी मी ओळी म्हणत धावे, त्यामुळे स्वतःची पावले कधी ऐकलीच नव्हती. आता ओळी बंद ठेवते आणि ऐकते: दोन्ही पाय सारखे पडतात का, टाच आपटते का, थकल्यावर कुठला पाय आधी घासतो. आज वनरक्षक म्हणून माझ्या बीटवर, म्हणजे माझ्या वाट्याच्या जंगलात, मी रोज काही कोस चालते, पानगळीत आणि चिखलात, आणि ती नडगी गेली कित्येक वर्षे एका शब्दाने बोललेली नाही. ज्या परीक्षेला आईने मला जाऊ दिले नाही, त्या परीक्षेची मी जितकी ऋणी आहे तितकी दिलेल्या कुठल्याच परीक्षेची नाही.

पुढची भरती यायला आणखी एक उन्हाळा गेला. धावणे निभावले. चालण्याची चाचणी चंद्रपूरजवळच्या एका रस्त्यावर होती. हवेत धुके आणि धुक्यात कोळशाचा वास. शिट्टी झाली तशा मुली उसळून पुढे गेल्या. मला मागे पडणे जमवायचे होते, आणि त्याहून अवघड मी आयुष्यात काही केलेले नाही. पहिला तास मी बंधातच चालले, रस्त्याच्या मधल्या सपाट पट्टीवरून, घोट घोट पाणी घेत. माझ्या मागे दोघीच होत्या. हातातले घड्याळ मी पुन्हा पुन्हा पाही: ही संधी गेली तर क्वार्टर सोडण्याआधी दुसरी नव्हती.

दुसऱ्या तासात मी बोर्ड काढला. पुढे गेलेल्या एकेक दिसू लागल्या: कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी पुलाच्या कठड्याला टेकून बूट सैल करत. मी त्या एका जागेची वाट पाहत होते, घोट्यावर चार-पाच बोटे. ती बोलेल असे प्रत्येक मैलाला वाटे. ती बोलली नाही. शेवटच्या टप्प्यात दोन्ही पिंढऱ्या पेटल्यासारख्या दुखत होत्या, पण हातभर, सगळीकडे सारख्या; असे दुखणे मला आता भीती घालत नव्हते.

चाचणी संपते तिथे आडव्या टाकलेल्या दोरीपाशी खाकीतले चार-सहा लोक उभे होते. त्यांत माझी मैत्रीण होती, बंदोबस्ताला आलेली. तिने मला लांबूनच ओळखले असणार, पण हाक मारली नाही, हात हलवला नाही. कामावर असताना ते चालत नसावे. ती एकदा घड्याळाकडे पाहे आणि एकदा माझ्या पायांकडे. मी दोरी ओलांडली. टेबलावरच्या साहेबांनी माझा क्रमांक लिहिला, वेळ लिहिली, आणि वेळेत आहे, अशी तिच्याकडे पाहून मान हलवली. तेव्हा ती पुढे आली, पाण्याची बाटली काखेत धरून तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली,

"ये."