भाचा खार्तुममध्ये असताना

ताई गेल्यापासून माझं रोह्याला जाणं जवळजवळ थांबलं आहे. पूर्वी पेणच्या वाचनालयाला सुट्टी असली की मी सकाळची गाडी धरायचो. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. स्टेशनातून चालत निघालं की वाटेत पोह्यांच्या गिरणीचा भाजका वास यायचा. दारात मला बघून ताई विचारायची, "आला का वाचून सगळं?" वाचनालयात नोकरी म्हणजे दिवसभर बसून वाचायचं, अशी तिची शेवटपर्यंत समजूत होती.

तिचा एकुलता मुलगा डोलवीला कंपनीत कंत्राटावर क्रेन चालवायचा. तिथून एका एजंटामार्फत तो सुदानला गेला, खार्तुमजवळच्या पोलादाच्या कारखान्यात. चार वर्षं बरी गेली. मग एका एप्रिलमध्ये तिथल्या दोन सेनापतींचं आपसात जुंपलं आणि भाचा इतर भारतीय कामगारांबरोबर कारखान्यातल्या खोल्यांत अडकला. सगळ्यांचे पासपोर्ट मालकाच्या शहरातल्या कचेरीत होते, आणि त्या कचेरीला आग लागली होती.

मी रजा टाकून ताईकडे राहायला गेलो. तिने पोह्याचे पापड करायला घेतले होते. पीठ कुटायची, लाटायची, गच्चीवर वाळत घालायची, आणि संपले की परत पीठ भिजवायची. शेजारची म्हातारी कठड्यावरून म्हणाली, "अगो, किती लाटशील? लेक येतोय का वरात येतेय?"

"हात गप बसत नाय गो," ताई म्हणाली.

मी तिला पेपर वाचून दाखवायचो. भारताने दोन्ही बाजूंना संयम बाळगण्याचं आवाहन केलं, असं वाचल्यावर ती म्हणाली, "त्यांना सांगून काय होतंय? तो पन आमीच बाळगायचा." एकदा बातमी आली की नागरिकांना बाहेर पडता यावं म्हणून मानवतावादी मार्ग खुला होणार. तो रस्ता कुठून कुठे जातो, असं तिने विचारलं. मी सांगितलं की तो डांबरी रस्ता नव्हे, काही तास गोळीबार थांबवायचं दोघांनी कबूल केलंय.

"म्हंजे मारनारे जेवायला बसतात तेवढा टायम."

मी पेपर घडी करून ठेवला.

भाच्याचा फोन दिवसातून एकदा, दोन मिनिटं यायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मामा, वकिलात तात्पुरता दाखला देतेय. पासपोर्टची प्रत पाठवा. माझा फोन नवा, त्यात काय नाय." प्रत ताईकडे होती. तो गेला तेव्हा तिने झेरॉक्स काढून देवघरात ठेवली होती, आणि दर दसऱ्याला विळी, कोयता, त्याची जुनी हातोडी यांच्याबरोबर त्या कागदाचीही पूजा केली होती. चार दसऱ्यांचं हळदकुंकू. फोटो दिसत होता, नाव दिसत होतं. नंबराचे शेवटचे आकडे मात्र लाल थराखाली गेले होते.

जुन्या पुस्तकांवरचे डाग काढण्यात मी जन्म घालवला आहे. मी कापूस घेतला, मऊ खोडरबर घेतला आणि अगदी सावकाश घासायला लागलो. ताई शेजारी बसून बघत होती. कागद तिथेच फाटला. आकड्यांच्या जागी करंगळी जाईल एवढं भोक पडलं.

ताई उठून पापड उलटायला गच्चीवर गेली. तेवढं मला पुरलं.

मी त्या कागदाचा फोटो वकिलातीला पाठवला आणि खाली जे घडलं ते खरं खरं लिहिलं. दुपारी फोन आला. तिथल्या बाईंचा आवाज थकलेला होता. "सर, ये लाल क्या है?" मी म्हटलं, दसऱ्याला पूजा करतात. मग त्या म्हणाल्या, "नंबर हम निकाल लेंगे. जन्मतारीख ठीक से बताइए." मी तारीख सांगितली. ताईने मागून वारही सांगितला.

पुढचे दिवस नुसतं वाट बघणं होतं. आधी बस, मग बंदर, मग नौदलाचं जहाज, मग जेद्दाहून विमान. दहाव्या दिवशी सकाळी तो रोह्याला रिक्षातून उतरला, हातात एक प्लास्टिकची पिशवी. ताईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आधी आंघोळ कर म्हणाली.

जेवताना त्याने सांगितलं की बसपर्यंत त्यांना कारखान्याच्या वयस्कर पहारेकऱ्याने नेलं होतं. तो पुढे चालायचा, प्रत्येक नाक्यावर बंदूकवाल्यांशी बोलायचा, मग यांना हात करायचा. बस सुटली तेव्हा तो रस्त्यावरच उभा होता.

"त्याला का नाय आनलंस?"

"आई, तो तिथलाच. आपली वकिलात त्याला कशी आणणार?"

"मग त्याला न्यायला कोन येनार?"

ताई माझ्याकडे वळली. "तू लिही. तुला लिवता येतं."

हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या एका मदतसंस्थेचा अर्ज मी मागवला. भाच्याला त्या माणसाचं नाव आणि एका जुन्या वस्तीचं नाव, एवढंच ठाऊक होतं. अर्जदार म्हणून ताईने सही केली, एकेक अक्षर जोडत. नोंद घेतल्याचं उत्तर आलं आणि चौकशी चालू ठेवायची असेल तर अधूनमधून कळवत राहा, असंही. त्यानंतर मी रोह्याला गेलो की त्याचा काही पत्ता लागला का, हेच ती आधी विचारायची, आणि मी नाही म्हटलं की चहा ठेवायची. आजारपणातही तिने विचारणं सोडलं नाही. मला कधी कधी कंटाळा यायचा. आता तो कंटाळा आठवला की लाज वाटते.

तेरावं झाल्यावर भाच्याने तिच्या कपाटातून ते उत्तर काढून मला दिलं. पेणला आल्यावर मी पुन्हा अर्ज लिहिला. पहारेकऱ्याचं नाव, वस्ती, शेवटचं कुठे दिसला, सगळं होतं तसंच. अर्जदाराच्या जागी मात्र या वेळी मला माझं नाव लिहावं लागलं.