रान रिकामं आहे का?

खालच्या खोऱ्यातले लोक या डोंगरावरच्यांना 'शे' म्हणत. शे म्हणजे झाडी जाळून केलेलं शेत. लान यिनहुआला तेवढं एकच अक्षर वाचता यायचं, आणि तेवढं पुरे, असं ती बाजारात ठणकावून सांगायची. "आमचं नाव आमच्या कामाचं आहे. तुमचं कशाचं आहे हो?"

नवरा गेल्यापासून रानाला आग लावायचा मान तिचा. तोडलेली झाडी वाळली की ती माथ्यावर उभी राही. आग वरून खाली उतरवायची. खालून लावली तर पिसाळते. पण आधी गाऊन विचारायचं, रान रिकामं आहे का? पायथ्याशी उभी असलेली थोरली नणंद, लेई सानमेई, गाऊनच उत्तर द्यायची. "रिकामं आहे गं, तुझ्या डोक्यासारखं!" सगळा डोंगर हसायचा.

दोन वर्षांपासून यिनहुआचे कान जात चालले होते. कुणाला बोलली नव्हती. बहिरीच्या हाती मशाल कोण देणार?

यंदा तिने गाऊन विचारलं. काही ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. छे! तिची लेक आणि बाकीचे लोक लांब कडेला राखण करत होते, वारा फिरायच्या बेतात होता. उत्तर आलंच असेल, आपलेच कान मेले! पेटवून टाकलं तर कुणाला काय कळणार होतं? मशाल तिने वाळक्या फांद्यांपर्यंत नेलीसुद्धा. पण जीव धजेना. तिने ती मातीत खुपसून विझवली आणि मटकन खाली बसली. गेला मान. राळे पेरायच्या आधीच गेला.

थोड्या वेळाने तोडलेल्या रानाच्या मधूनच, फांद्या बाजूला सारत, सानमेई धापा टाकत वर आली. तिला पाहून यिनहुआ धडपडत उठली.

"अहो वन्सं, तुम्ही आत कशाला शिरलात? मला ऐकूच येत नाही हो आता!"

सानमेईने तिच्या कानाला तोंड लावलं. आवाज जेमतेम फुटत होता. "ठाऊक आहे. दोन वर्षं उगाच बोंबलत होते का मी? आज घसाच बसला मेला, म्हणून सांगायला आले."

"पण मधून?"

"लांबून वळसा कोण घालणार? उत्तराशिवाय तू पेटवायची नाहीस, माहीत होतं मला."

यिनहुआ तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मशाल कुठवर नेली होती, तेही रडतरडतच सांगितलं. मग तिने लेकीला हाक मारली आणि विझलेली मशाल तिच्या हाती दिली.