हात बघून कात्री देणारी ताई

"आधी हात दाखवा," ताई म्हणायची आणि गिऱ्हाईक गोंधळून जायचं.

जपानमधल्या एदोगावा भागातल्या आमच्या होम सेंटरमध्ये, म्हणजे खिळ्यांपासून कुंड्यांपर्यंत सगळं मिळणाऱ्या त्या अवाढव्य दुकानात, मी गल्ल्यावर बसायचे आणि ताई बागेच्या हत्यारांपाशी उभी असायची. दोघीही नवऱ्यांच्या नोकरीपायी जपानला आलेल्या. ताई तासगावकडच्या द्राक्षबागेत वाढलेली. तिचं जपानी मोडकंतोडकं होतं, पण बोलायची इतक्या ठामपणे की समोरच्याला आपलंच व्याकरण चुकतंय असं वाटावं.

झाडं छाटायला बॅटरीवरची कात्री किंवा करवत घ्यायला कुणी आलं, की ती त्याचा तळहात उलटसुलट करून बघायची. एका आजोबांना वाटलं, ही भारतातली बाई भविष्य सांगते. त्यांनी विचारलं, "मी किती वर्षं जगेन?"

"ते मला दिसत नाही. पण हे जड मशीन घेतलंत तर खांदा महिन्याभरात जाईल. ते हलकं घ्या."

आजोबा हसत हसत हलकं घेऊन गेले. मला ती म्हणायची, "फांदी केवढी ते सगळेच बघतात गं. धरणाऱ्याचं मनगट कोण बघणार?"

एका हिवाळ्यात एक आजी आल्या. नदीपलीकडे त्यांची नाशपातीची बाग होती. त्यांनी थेट चेनसॉ मागितला, झाडं बुंध्यातून कापणारी यांत्रिक करवत.

"काय कापायचंय?" ताईने विचारलं.

"सगळंच."

ताईने त्यांचा हात हातात घेतला. बोटांची पेरं सुजली होती, मूठ पुरती मिटत नव्हती. छाटणी आजी आणि त्यांचे यजमान मिळून करायचे. ते गेल्यापासून बाग रानासारखी वाढली होती, आणि आजींच्या हातून आता साधी कात्री दाबली जात नव्हती.

आमचे मॅनेजर जवळच उभे होते. "चेनसॉ मागतायत तर चेनसॉ द्या," ते म्हणाले.

"देते ना. पण बॅटरी चार्ज करावी लागेल," ताई म्हणाली. "आजी, रविवारी मी स्वतः घरी आणून देते."

रविवारी तिने मलाही ओढून नेलं. पिशवीत चेनसॉ होता, आणि दुकानातली दाखवण्यासाठी ठेवलेली बॅटरीवरची एक कात्रीही. ती मॅनेजरकडून तिने कशी काढली, देव जाणे.

बागेत शिरल्यावर ताई जागीच थांबली. नाशपातीच्या फांद्या डोक्यावर तारांच्या जाळीवर आडव्या पसरलेल्या होत्या. "अगं, हा तर आपल्या द्राक्षांसारखा मांडव!" ती मला मराठीत म्हणाली. मग आजींकडे वळली. "तोडायच्या आधी मला एकच फांदी छाटू द्या."

तिने बॅटरी कमरेला बांधली. कात्री नुसत्या वायरीने तिला जोडलेली, म्हणून हात वर धरूनही वजन जाणवत नव्हतं. तिने कात्री फांदीला लावली, तोच आजी ओरडल्या, "अशी नाही! तो कोंबाचा डोळा ठेव, बाहेरच्या बाजूचा!"

"कुठला?"

"अगं, हा!"

"मला नाही कळत. तुम्हीच दाखवा," म्हणत ताईने पट्टा सोडून आजींच्या कमरेला बांधला. "नुसतं बोट टेकवा. बोट जेवढं हलेल तेवढंच पातं हलतं. आणि डावा हात लांब ठेवा, पात्याच्या जवळपास आणायचा नाही."

आजींनी बोट टेकवलं. फांदी खाली पडली. त्या पडलेल्या फांदीकडे बघत राहिल्या, मग पुढच्या फांदीकडे गेल्या. नंतर आम्ही दोघी तिथे आहोत हेही त्या विसरल्या. मध्येच एकदा त्या झाडाआड बराच वेळ थांबल्या. मी पुढे जायला निघाले, तर ताईने माझा दंड धरला. "राहू दे. डोळे पुसू दे त्यांना."

परतताना मी विचारलं, "तू मुद्दाम चुकलीस ना?"

"द्राक्षाचं वेगळं, नाशपातीचं वेगळं. मला काय ठाऊक?" ताई म्हणाली आणि मोठ्याने हसली.

मागच्या रांगेतली रोगट झाडं शेवटी चेनसॉनेच गेली. बाकीची बाग राहिली. उन्हाळा सरता सरता आजी पेटीभर नाशपाती घेऊन दुकानात आल्या आणि पहिलं फळ त्यांनी मॅनेजरांच्या हातात ठेवलं.

पुढे आजूबाजूचे म्हातारे बागवाले ताईला बोलवायला लागले. कुणाला कुठलं हत्यार झेपेल ते त्यांच्या मांडवाखाली उभं राहून ठरवायचं, जिथे हात पोचत नाही तिथे आपण छाटायचं. दुकान तिने सोडलं. निरोपाच्या दिवशी डोळ्यांत पाणी मॅनेजरांच्याच आलं. ती मात्र नवे बूट दाखवत फिरत होती.

आता तिच्या जागी एक तरुण आहे. हुशार आहे, माहितीपत्रक वाचून दाखवतो.

परवा नदीच्या बांधावर ताई दिसली. कानटोपी, गारठ्याने लाल झालेलं नाक, सायकल भरधाव.

"ताई, थांब की जरा!"

"छाटणी आलीय गं! वसंतात ये जेवायला!"

समोरून बोचरा वारा येत होता. मी हात उंचावेपर्यंत ती पुलावर पोचलीसुद्धा होती.